मॉडेल रॉकेट ग्लायडरसाठी योग्य मोटर कशी निवडावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगोत्सव, संपतो, फिरक्या माळ्यावर जातात, आणि आमच्या वडोदऱ्यातील छोट्या गटाकडे ग्लायडरची चौकशी सुरू होते. रॉकेटसारखा सरळ वर जाणारा आणि वर गेल्यावर पंखांवर तरंगत खाली येणारा हा ग्लायडर बांधणे फारसे अवघड नाही. पतंगाची कामटी तासलेल्या हातांना बाल्साची, म्हणजे अतिशय हलक्या लाकडाची, पट्टी घासणे पटकन जमते. गाडी अडते ती मोटरपाशी, म्हणजे ग्लायडरला वर ढकलणाऱ्या, दारू भरलेल्या कागदी नळीपाशी. पालक आणि विद्यार्थी आम्हांला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

मोटरवर ‘बी६-४’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ काय?

पहिले अक्षर मोटरचा एकूण आवेग, म्हणजे जोर आणि ज्वलनकाळ यांचा गुणाकार, सांगते. ‘ए’ वर्गात १.२६ ते २.५० न्यूटन-सेकंद, ‘बी’मध्ये २.५१ ते ५, ‘सी’मध्ये ५.०१ ते १० आणि ‘डी’मध्ये १०.०१ ते २० अशी ही मर्यादा प्रत्येक अक्षरागणिक दुप्पट होत जाते. अक्षरानंतरचा आकडा सरासरी जोर न्यूटनमध्ये दाखवतो. शेवटचा आकडा डिलेचा, म्हणजे इंधन संपल्यापासून इजेक्शन चार्ज (मोटरच्या पुढच्या टोकाचा लहानसा बार) उडेपर्यंत जाणाऱ्या सेकंदांचा असतो.

मधल्या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नये. ए८ या प्रचलित मोटरचा मोजलेला सरासरी जोर ८ न्यूटन नसून ३ न्यूटनच्या थोडा वर भरतो, आणि सी६चा ५ न्यूटनच्याही किंचित खाली राहतो. शेवटी शून्य असलेली मोटर बहुटप्पी रॉकेटच्या खालच्या टप्प्यासाठी असते. तिला डिलेही नसतो आणि इजेक्शन चार्जही नसतो, म्हणून ती आपल्या ग्लायडरला कधीही चालणार नाही. एस्टिस कंपनीच्या मोटरींवर ही खूण रंगानेही केलेली असते: एकटप्पी मोटरीची छपाई हिरवी, वरच्या टप्प्याची जांभळी आणि शून्य डिलेची लाल.

बूस्ट ग्लायडर आणि रॉकेट ग्लायडर यांत फरक काय, आणि त्यामुळे मोटर बदलते का?

बूस्ट ग्लायडरमध्ये मोटर एका वेगळ्या नळीत, म्हणजे पॉडमध्ये, असते. हे पॉड ग्लायडरच्या नाकाजवळ एका खाचेत अडकवलेले असते. मोटर जळत असेपर्यंत तिचा जोरच पॉडला खाचेत दाबून धरतो. इजेक्शन चार्ज पुढच्या दिशेने उडाला की त्याच्या धक्क्याने पॉड मागे सरकून सुटते आणि स्ट्रीमरच्या, म्हणजे लांब फडफडत्या पट्टीच्या, आधाराने वेगळे खाली येते. रॉकेट ग्लायडरमध्ये काहीच सुटत नाही. मोटरचे रिकामे कवच घेऊनच तो तरंगतो, आणि चढाईतून तरंगण्याकडे जाण्यासाठी स्वतःचा आकार बदलतो: कोठे इजेक्शनच्या ज्वाळेने दोरा जळून शेपटीची पट्टी वर उचलली जाते, कोठे मिटलेले पंख उघडतात, तर कोठे पंख जागेवरून सरकतो.

निवडीवर याचा थेट परिणाम होतो. बूस्ट ग्लायडरला मोटरचे वजन फक्त चढाईपुरते वाहावे लागते, त्यामुळे एक वर्ग मोठी मोटर घेतली तरी तरंगण्याचा तोल बिघडत नाही. रॉकेट ग्लायडरचे ट्रिम, म्हणजे नीट तरंगेल असा तोल साधणे, मात्र रिकामे कवच आत ठेवूनच करावे लागते, आणि मोटरचा प्रकार बदलला की ते पुन्हा करावे लागते. पहिल्यांदा बांधणाऱ्याने बूस्ट ग्लायडरच बांधावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वजनावरून मोटर कशी ठरवावी?

ग्लायडर, पॉड, स्ट्रीमर, वॅडिंग (स्ट्रीमरला ज्वाळेपासून वाचवणारा कागदी बोळा) आणि भरलेली मोटर हे सगळे एकत्र, उडण्याच्या तयारीत असताना, स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर ठेवावे. अंदाज करू नये; रंगाचे दोन हात आणि गोंदाच्या गाठी मिळून लहान ग्लायडरच्या वजनात सहज पाच-सात ग्रॅमची भर घालतात.

नियम असा की मोटरचा जोर एकूण वजनाच्या निदान पाचपट असावा. ६० ग्रॅमच्या ग्लायडरचे वजन सुमारे ०.६ न्यूटन होते, म्हणजे त्याला ३ न्यूटनचा जोर हवा, आणि ए८ त्याला पुरते. उत्पादकाने दिलेली कमाल वजनमर्यादाही पाहावी. एस्टिसच्या ए८-३ साठी ती ८५ ग्रॅम, बी६-४ आणि सी६-३ साठी ११३ ग्रॅम, तर डी१२-३ साठी ३९६ ग्रॅम आहे. या मर्यादा सडपातळ रॉकेट डोळ्यांसमोर ठेवून दिलेल्या असतात. ग्लायडरचे रुंद पंख हवा अडवतात, म्हणून त्या मर्यादेच्या पाऊण भागाच्या आतच राहावे, असे आमच्या गटात आम्ही पाळतो.

बी६ आणि सी६ यांची मर्यादा सारखीच आहे, हे पाहून अनेकांना नवल वाटते. कारण सरळ आहे: सी६ अधिक जोराने ढकलत नाही, ती अधिक वेळ ढकलते. बी६ सुमारे ०.९ सेकंद जळते, तर सी६ सुमारे १.९ सेकंद. तेव्हा ग्लायडर जड झाला म्हणून बी६च्या जागी सी६ लावणे हा उपाय नव्हे. उड्डाणाला दिशा देणाऱ्या सळीवरून सुटताना तो तितकाच मंद असेल, आणि वर त्याला सुमारे ६ ग्रॅम जास्त मोटर वाहावी लागेल.

मोठी मोटर लावली तर ग्लायडर जास्त वर जाईल आणि जास्त वेळ तरंगेल ना?

हा प्रश्न प्रत्येक मुलगा विचारतो, आणि याच प्रश्नापायी सर्वांत जास्त ग्लायडर मोडतात.

हिशेब करून पाहू. एकूण ६० ग्रॅमच्या ग्लायडरला ए८ने सुमारे २.३ न्यूटन-सेकंद आवेग दिला आणि हवेचा रोध सोडून दिला, तर इंधन संपताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३१ मीटर, म्हणजे ताशी ११० किलोमीटरच्या आसपास होतो. त्याच ग्लायडरला सी६ लावली, तर वजन ६८ ग्रॅमच्या जवळ जाते, आवेग ८.८ न्यूटन-सेकंद मिळतो आणि तोच कागदी हिशेब सेकंदाला १०० मीटरच्या पुढे जातो. रोधामुळे प्रत्यक्ष वेग याहून बराच कमी राहतो, पण मुद्दा तोच राहतो, कारण पंखावरील भार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि वेग दुप्पट झाला की भार चौपट होतो. दीड मिलिमीटर बाल्साचा पंख ए८वर शांत राहतो. सी६वर तो आधी थरथरू लागतो, मग फडफडतो आणि बुंध्यापाशी तुटतो. लांबून हे सगळे एका ‘टक्’ अशा आवाजात संपते.

तुटला नाही तरी दुसरा धोका उरतोच. ग्लायडरचे पंख आणि शेपटी यांच्या कोनांत थोडा फरक ठेवलेला असतो, कारण त्याशिवाय तो सावकाश तरंगणार नाही. पतंग उडवणाऱ्याला हे वेगळे समजावावे लागत नाही: किन्ना, म्हणजे पतंगाला मांजा जोडणारा दोरा, अर्ध्या बोटाने वर-खाली बांधला तर तोच पतंग एका वाऱ्यात स्थिर उभा राहतो आणि जोराच्या वाऱ्यात गोते खातो. ग्लायडरचा कोन सेकंदाला पाच-सात मीटरच्या वेगासाठी बसवलेला असतो. त्याला दसपट वेगाने वर ढकलले की तोच कोन नाक उचलत नेतो, आणि सरळ वर जाण्याऐवजी ग्लायडर मोठा फेरा घेऊन जमिनीकडे वळतो, तेही मोटर जळत असताना.

म्हणून पंख ज्या मोटरवर निश्चित टिकेल आणि चढाई ज्या मोटरवर सरळ राहील, अशी सर्वांत लहान मोटर घ्यावी. ए८वर ग्लायडर तीन वेळा सरळ चढला आणि नीट तरंगला, तर बी वर्गाकडे जावे. सी६ लावायची असेल, तर त्यासाठी जाड किंवा कडक बाल्साचा, बुंध्याला काचकापडाची पट्टी चिकटवलेला वेगळा ग्लायडर बांधावा. जास्त वेळ तरंगण्याचा खरा मार्ग वजन कमी करणे आणि ट्रिम सुधारणे हाच आहे. त्यासाठी मोटर लागतच नाही, मोकळे मैदान आणि हाताने केलेली वीस-पंचवीस उड्डाणे लागतात.

डिले किती सेकंदांचा घ्यावा?

माझ्या मते मोटर निवडताना हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा, आणि नेमका हाच बहुतेक जण शेवटी विचारतात.

सडपातळ रॉकेट इंधन संपल्यावरही चार-पाच सेकंद वर सरकत राहते. ग्लायडरचे तसे नाही. मोठ्या पंखांमुळे आणि बाहेर लटकणाऱ्या पॉडमुळे त्याचा वेग झपाट्याने मरतो, आणि बहुधा दोन-तीन सेकंदांतच तो माथ्यावर पोहोचतो. पॉड अजून सुटलेले नसेल, तर जड नाकामुळे तो तेथून खाली वळतो. अशा स्थितीत एक सेकंद गेला तर सुमारे पाच मीटरच जातात. तीन सेकंद गेले तर मोकळ्या पडणाऱ्या वस्तूच्या हिशेबाने ४४ मीटर उंची गेलेली असते आणि वेग सेकंदाला २९ मीटर झालेला असतो. त्या वेगात पॉड सुटले की तरंगण्यासाठी बसवलेले पंख एकदम झटका खातात.

आमच्याच एका उड्डाणात हे घडले. वडोदऱ्याजवळच्या सावली गावाकडील एका शेतात, तूर काढून झाल्यावर, आठवीतल्या एका मुलीचा पहिला ग्लायडर लावला होता. डब्यात बी६-४ आणि बी६-६ अशा दोन्ही मोटरी होत्या, आणि घाईत मी तिच्या हातात सहा सेकंदांची दिली. चढाई सुरेख झाली. मग ग्लायडर माथ्यावर थांबला, नाक खाली करून सरळ येऊ लागला, आणि आम्ही सगळे मनात आकडे मोजत उभे राहिलो. चार्ज उडाला तेव्हा तो बाभळीच्या शेंड्याएवढ्या उंचीवर होता. पॉड सुटले, पण डावा पंख बुंध्यातून निघाला. पंख जोडता आला. पण चूक माझी होती, आणि तेव्हापासून प्रत्येक मोटरवरील शेवटचा आकडा दोघांनी मोठ्याने वाचल्याशिवाय आम्ही ती पॉडमध्ये घालत नाही.

त्यामुळे मिळणाऱ्या पर्यायांतील सर्वांत लहान डिले घ्यावा: ए८ घेतली तर ए८-३, बी वर्गात बी४-२ मिळाली तर ती, नाहीतर बी६-४ किंवा बी४-४, आणि सी६मध्ये सी६-३. सी६-५ आणि सी६-७ या मोटरी रॉकेटसाठी राहू द्याव्यात. डिलेच्या आकड्यात सेकंद-दीड सेकंदाचा फरक उत्पादनात मान्य असतो, हेही लक्षात ठेवावे. पॉड थोडे लवकर, अजून वर चढत असताना सुटले, तर थोडी उंची जाते. उशिरा सुटले, तर ग्लायडर जातो.

आपल्या ग्लायडरला नेमके किती सेकंद लागतात, हे फोनवर केलेल्या चित्रणातून कळते. मोटरचा आवाज थांबतो त्या चौकटीपासून ग्लायडर माथ्यावर थबकतो त्या चौकटीपर्यंत मोजावे. बहुतेक फोन सेकंदाला ३० चौकटी टिपतात, म्हणून ७५ चौकटी भरल्या तर अडीच सेकंद झाले.

मोटर बदलल्यावर तोल पुन्हा पाहावा लागतो का?

होय. भरलेली ए८ सुमारे १६ ग्रॅमची असते आणि सी६ सुमारे २४ ग्रॅमची. मोटर नाकाजवळ असेल, तर जड मोटर गुरुत्वमध्य पुढे नेते आणि चढाई अधिक स्थिर होते. मोटर शेपटीकडे असेल, तर हेच आठ ग्रॅम गुरुत्वमध्य मागे ओढतात, आणि सळीवरून सुटताच ग्लायडर कोलांट्या खातो. अशा रचनेत मोठी मोटर लावण्याआधी नाकात वजन घालावे, आणि ते वजन तरंगतानाही वाहावे लागणार, हे गृहीत धरावे.

मोटर पॉडमध्ये किती घट्ट बसवावी?

इतकी घट्ट की बोटाने ढकलल्यावर सरकेल, पण पॉड उलटे धरून झटकल्यावर हलणार नाही. मोटर सैल असेल, तर इजेक्शनचा धक्का पॉडला न मिळता मोटरच मागे उडून जाते आणि पॉड खाचेत तसेच राहते. मास्किंग टेपचे एक-दोन वेढे पुरतात. खाच मात्र सैलच हवी: ग्लायडर नाक वर करून धरल्यावर पॉड स्वतःच्या वजनाने मागे सरकून सुटायला हवे. पॉडचा स्ट्रीमर ग्लायडरच्या शेपटीत गुंतून दोघे एकत्र कोसळण्याचा अपघात नेहमीचा आहे, म्हणून स्ट्रीमरचा दोरा लांब ठेवू नये.

पंख थर्मोकोल किंवा डेप्रॉन फोमचे असतील, तर पॉडच्या मागचा भाग अॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीने झाकावा. मोटरची ज्वाळा तेथवर पोहोचते.

लहान, १३ मिलिमीटरच्या मोटरी ग्लायडरसाठी चांगल्या का मानतात?

नेहमीच्या ए, बी आणि सी मोटरी १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ७० मिलिमीटर लांबीच्या असतात. मिनी मोटरी १३ मिलिमीटर व्यासाच्या आणि ४५ मिलिमीटर लांबीच्या, म्हणून हलक्या असतात. पॉडही लहान होते, आणि १५ ते २५ ग्रॅमचा ग्लायडर बांधणे शक्य होते. अर्धा-ए वर्गातील १/२ए३-२टी (शेवटचे ‘टी’ ही मिनी मोटरीची खूण) या मोटरीवर असा ग्लायडर शाळेच्या मैदानातही उडवता येतो. ए३-४टी थोडी जास्त उंची देते, पण तिचा चार सेकंदांचा डिले लहान ग्लायडरला लांब पडतो. तेथे ए१०-३टी बरी, फक्त तिचा सुरुवातीचा जोर दणक्याचा असल्याने पंखाचा बुंधा भक्कम हवा.

दिवाळीतील हवाई, म्हणजे काडीवर उडणारा बाण, वापरता येईल का? किंवा चित्रफिती पाहून मोटर घरी बनवली तर?

दोन्हींचे उत्तर नाही असे आहे, आणि यात कोणतीही सूट नाही.

हवाईचा जोर मोजलेला नसतो, तिचा तोल काडीवर अवलंबून असतो, तिला पॉड सोडवणारा इजेक्शन चार्ज नसतो, आणि वातीने पेटवावी लागत असल्याने पेटवणारा तिच्या अगदी जवळ असतो. मॉडेल रॉकेटची मोटर पाच मीटर किंवा त्याहून दुरून, विजेच्या इग्नायटरने पेटवतात.

घरी बनवलेल्या मोटरीविषयी या छंदाचा इतिहासच पुरेसा बोलका आहे. १९५७ मध्ये स्पुटनिक उडाल्यावर अमेरिकेत असंख्य मुले घरी इंधन ठासू लागली आणि जखमी झाली. नेब्रास्कातील जोड्यांचे दुकानदार ऑर्व्हिल कार्लाइल यांनी १९५४ मध्ये तयार मोटरीवर चालणारे मॉडेल रॉकेट बनवले होते. रॉकेट अभियंते हॅरी स्टाइन यांनी ती कल्पना उचलून धरली आणि एस्टिस कंपनीचे संस्थापक व्हर्न एस्टिस यांनी मोटरी यंत्रावर बनवण्यास सुरुवात केली. मुलांनी दारूला हात लावू नये, हाच त्यामागचा उद्देश होता. आपल्याकडे काळी दारू विस्फोटक अधिनियम, १८८४ आणि विस्फोटक नियम, २००८ यांच्या कक्षेत येते. परवान्याशिवाय ती बनवणे हा गुन्हा आहे.

मग मोटर आणायची कोठून?

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून तर नाहीच. विमानाच्या सामानात आणि टपालात स्फोटके निषिद्ध आहेत. परवान्यांचे काम पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, पाहते. तिचे मुख्यालय नागपूरला आहे. एकट्या पालकाने धडपड करण्यापेक्षा महाविद्यालय किंवा विज्ञान संस्था यांच्यामार्फत, परवानाधारक विक्रेत्याकडून आणि जिल्हा प्रशासनाची परवानगी घेऊन जावे. यात महिने जातात. तोपर्यंत ग्लायडर रबराच्या गलोलीने वर सोडून ट्रिम करावा. आमच्या गटातील मुले पहिले वर्षभर एवढेच करतात, आणि ज्यांनी ते केले त्यांचे ग्लायडर मोटरीवर पहिल्याच दिवशी सरळ चढतात.

वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात मोटरी कशा ठेवाव्यात?

काळ्या दारूची मोटर म्हणजे कागदी नळीत दाबून बसवलेली कोरडी वडी. दिवसा तापणे आणि रात्री निवणे असे अनेकदा झाले की वडी आणि कागद वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावून त्यांच्यात फट पडते. पेटवल्यावर ज्वाळा त्या फटीत शिरते आणि मोटर फुटते. मे महिन्यात येथे पारा ४० अंशांच्या वर असतो, आणि उन्हात उभ्या मोटारीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त. म्हणून मोटरी घरातील थंड, कोरड्या जागी, देवघर आणि स्वयंपाकघर यांपासून दूर, कुलपात ठेवाव्यात आणि मैदानावर नेताना सावलीत ठेवाव्यात. हातातून फरशीवर पडलेली मोटर वापरू नये.

रेडिओ नियंत्रित रॉकेट ग्लायडरला कोणती मोटर लागते?

त्याला कमी जोराची आणि दीर्घकाळ जळणारी संमिश्र इंधनाची मोटर लागते. ई६ हे त्याचे चांगले उदाहरण आहे: सुमारे ६ न्यूटनचा जोर आणि सहा-सात सेकंदांचे ज्वलन. इजेक्शन चार्ज नसतो, कारण चढाईतून तरंगण्याकडे वळवण्याचे काम चालकाच्या हातातील नियंत्रणे करतात. जागतिक हवाई क्रीडा महासंघाच्या स्पर्धांत हा एस८ वर्ग आहे, तर साधे बूस्ट ग्लायडर एस४मध्ये मोडतात. विमानाचे रेडिओ मॉडेल सफाईने उतरवता येत नसेल, तोवर इकडे वळू नये.

कोणत्या मैदानासाठी कोणती मोटर?

अमेरिकेतील राष्ट्रीय रॉकेट्री संघटनेच्या सुरक्षा नियमांनुसार मैदानाची लहान बाजू ‘ए’ वर्गासाठी निदान ३० मीटर, ‘बी’साठी ६०, ‘सी’साठी १२० आणि ‘डी’साठी १५० मीटर हवी. ग्लायडर वाऱ्याबरोबर वाहत जातो, म्हणून मी हे आकडे दुप्पट धरतो. त्याच नियमांत वाऱ्याची मर्यादा ताशी ३२ किलोमीटर आहे. हलक्या ग्लायडरसाठी ती फार झाली. शेतातल्या गवताचे शेंडे नुसते डुलत असतील, तेवढाच वारा बरा.

शहरात उडवण्याचा विचार करू नये. हरणीचा विमानतळ आणि मकरपुऱ्याचा हवाई दलाचा तळ लक्षात घेता पोलिसांची आणि जागेच्या मालकाची लेखी परवानगी घेऊन दूरच्या शेतातच जावे. सुकलेले गवत, कापसाच्या पऱ्हाटीचे ढीग आणि एरंडीचे उभे पीक यांपासून लांब जागा निवडावी, लाँचरखाली पत्रा ठेवावा आणि पाण्याची बादली भरलेली असावी. उत्तरायणनंतरचे काही आठवडे झाडांवर मांजा लोंबत असतो. त्यात अडकलेला ग्लायडर ओढून काढताना पंखच हातात येतो. आणि विश्वामित्रीच्या काठापासून तर दूरच राहावे. नदीत मगरी आहेत, आणि पात्रात उतरलेला ग्लायडर आणायला कोणत्याही मुलाने जाऊ नये.

बटण दाबले आणि मोटर पेटलीच नाही, तर?

लाँचरची किल्ली काढून घ्यावी, बॅटरी सोडवावी आणि पूर्ण एक मिनिट कोणीही जवळ जाऊ नये. बहुतेक वेळा इग्नायटरचे टोक नोझलमध्ये शेवटपर्यंत गेलेले नसते किंवा त्याच्या दोन तारा एकमेकींना चिकटलेल्या असतात. मोटर तीच ठेवून इग्नायटर नवा लावावा, आणि पॉड खाचेत नीट बसले आहे ना, हे पुन्हा पाहावे, कारण इग्नायटर बदलताना ते हमखास सरकते.